विझण्यापूर्वीचा उजेड

मराठवाड्यातल्या विष्णुपुरीला गोदावरी अडवली, तरी पाणी आपोआप रानात जात नाही. ते पंपांनी वर उचलावे लागते. उपसा सिंचन म्हटले की मोठ्या मोटारी आल्या, आणि त्या चालू-बंद करणारे, बिघाड होताच क्षणात वीज तोडणारे ब्रेकरही आले. परिभाषेत त्याला मंडल खंडक म्हणतात, उपकेंद्रात सगळे ब्रेकरच म्हणतात. मात्र त्याचे कॉन्टॅक्ट एकमेकांपासून सुटले म्हणून प्रवाह लगेच तुटत नाही. मधल्या फटीत आर्क पेटतो आणि त्या तप्त, विद्युतवाहक वायूतून वीज वाहतच राहते. उच्चदाबाच्या ब्रेकरमध्ये हजारो अँपिअरचा आर्क पेटला की त्याच्या गाभ्याचे तापमान 20,000 केल्विनच्या आसपास जाते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे 5,800 केल्विनचा आहे.

हा आर्क शक्य तितक्या लवकर मारावा, असे कुणालाही वाटेल. पण तसे करणे घातक ठरते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो. आर्कने त्या शून्यापर्यंत तग धरायला हवा. निर्वात ब्रेकरने मोटारीचा लहानसा प्रवाह शून्याआधीच छाटला, तर वेटोळ्यात साठलेली ऊर्जा दाबाच्या उसळीच्या रूपाने उलटते आणि वाइंडिंगचे इन्सुलेशन धोक्यात येते. कॉन्टॅक्टसाठी तांबे-क्रोमियमचे मिश्रण रूढ झाले त्यामागे हेही एक कारण आहे: त्यात ही छाटणी काही अँपिअरवरच राहते. म्हणजे आर्क शून्यापर्यंत जगला पाहिजे आणि त्यानंतर काही मायक्रोसेकंदांत त्याची विद्युतवाहकता संपली पाहिजे. इतक्या नेमक्या वेळेवर बेतलेली घटना फक्त बाहेरून व्होल्ट-अँपिअर मोजून समजत नाही. तिच्यातून निघणारा उजेड वाचावा लागतो, असे माझे ठाम मत आहे.

हे वाचन ताऱ्यांच्या अभ्यासाशी नाते सांगते. मेघनाद साहांनी 1920 मध्ये तापमान आणि आयनीभवन यांचे जे समीकरण मांडले, ते ताऱ्याइतकेच आर्कलाही लागू पडते. कॉन्टॅक्टमधून उडालेली तांब्याची वाफ वर्णपटात 510.5, 515.3 आणि 521.8 नॅनोमीटरवर हिरव्या रेषा देते. तापमान वाढले की पहिलीच्या तुलनेत इतर दोन जोर धरतात, आणि त्या गुणोत्तरातून आर्क किती तापला आहे ते कळते. रेषा किती रुंदावली यावरून इलेक्ट्रॉनांची घनता काढता येते. कार्बनच्या रेणूंचे पट्टे दिसले, तर आर्कवर वायूचा झोत सोडणाऱ्या नॉझलचे टेफ्लॉन झिजून वायूत मिसळते आहे असा अंदाज बांधता येतो. हा प्रकाश काचेच्या तंतूतून दूरच्या उपकरणाकडे नेतात, त्यामुळे आसपासच्या प्रचंड विद्युत गोंधळाची त्याला बाधा होत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की एवढे कशाला? प्रयोगशाळेत शॉर्टसर्किट चाचणी घेतली, ब्रेकर उत्तीर्ण झाला, संपले. ती चाचणी अटळच आहे. पण तिच्यातून उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच कळते; का, ते कळत नाही. कॅसी (1939) आणि मायर (1943) यांची समीकरणे आजही उपयोगी पडतात, पण ती आर्कला एकसंध वाहक मानतात. बारीक, फार तापलेला आर्क आणि जाड, कमी तापलेला आर्क सारखाच रोध दाखवू शकतात. त्यांचे विझणे मात्र वेगळे असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रकाशासाठी खिडकी पाडली की वायूचा प्रवाह बदलू शकतो, आणि बाजूने दिसतो तो सगळ्या थरांचा एकत्र उजेड. थर वेगळे करणारे गणित आर्क गोल आहे असे धरून चालते, तो तर वळवळत असतो. म्हणूनच एका बाजूच्या मोजणीवर विसंबू नये. खरी अडचण त्याहून पुढची आहे: नेमक्या शून्याच्या क्षणी आर्क जवळजवळ काळा पडतो. तेव्हा बाहेरून झेनॉन दिव्याचा झोत आरपार सोडतात आणि उरलेली वाफ त्यातले काय शोषून घेते ते पाहतात. दिसत नाही तेही असे मोजता येते, ही मला या विद्येतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

आता या मोजणीची गरज वाढली आहे. उच्चदाबाच्या ब्रेकरमध्ये कित्येक दशके वापरला गेलेला सल्फर हेक्झाफ्लुओराइड वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 23,000 पटींहून अधिक तापमानवाढ घडवतो. त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइडवर आधारित मिश्रणे आणि निर्वात ब्रेकर येत आहेत, आणि जुन्या वायूवर कमावलेला अनुभव तिथे जसाच्या तसा चालत नाही. हे काम नाशिकच्या अंबडसारख्या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांचे, त्यात मराठवाड्याने काय करावे, असे कुणी म्हणेल. पूर्ण ताकदीची चाचणी महाविद्यालयात होणार नाही, हे खरेच. पण विष्णुपुरीतच 1981 पासून श्री गुरु गोविंद सिंहजी अभियांत्रिकी संस्था उभी आहे. कपॅसिटरमधून काहीशे अँपिअर सोडून तांब्याच्या दोन तुकड्यांत बंदिस्त पेटीत आर्क पेटवणे आणि लहान वर्णपटमापकाने तो टिपणे अशा संस्थेच्या आवाक्यातले काम आहे. आर्क लहान असला, तरी तांब्याच्या त्या तीन हिरव्या रेषा त्याच तरंगलांबीवर उमटतील.