टोचन हुकाची ताकद हुकात नसते

नवा टोचन हूक घ्यायला निघालेला पिकअपवाला दुकानात पहिला प्रश्न टनांचा विचारतो. पाच टनी घ्यावा की आठ टनी? हूक जितका जाड तितकी काळजी कमी, हा या खरेदीतला मूळ समज आहे आणि तो अर्धवट आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या पिनेपासून चिखलात रुतलेल्या चाकापर्यंत ओढ ज्या वाटेने जाते, त्या वाटेवर साखळी येते, शॅकल येते, हूक येतो, हुकाचे बोल्ट येतात, बोल्ट ज्या पट्टीत बसले ती पट्टी येते आणि शेवटी चासी येते. यातला सगळ्यात कच्चा भाग जेवढे सोसेल तेवढीच सगळ्यांची मिळून ताकद. घडीव पोलादाचा हूक हा या रांगेतला बहुधा सर्वांत पक्का भाग असतो. त्यालाच आणखी जाड करण्यात पैसे घालणे म्हणजे वाळवी लागलेल्या चौकटीला सात लिव्हरचे कुलूप लावणे. शिवाय हुकावर कोरलेला टनांचा आकडा रोजच्या कामाचा आहे की तुटण्याच्या क्षणाचा, हे स्वस्त मालावर लिहिलेले नसते. पाऊण इंची चांगल्या शॅकलवर ४.७५ टन असे कोरलेले असते. तो कामाचा भार असतो. ती तुटते त्याच्या कितीतरी पटीने वर. दुसऱ्या एखाद्या हुकावर तुटण्याचाच आकडा मिरवलेला असू शकतो. दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करणारा गिऱ्हाईक मग नकळत कच्चा माल उचलतो.

कारखान्यातून गाडीला लागून आलेला हूक कुठलीही ओढ सोसण्यासाठीच दिलेला असतो, हा याच्याच पोटातला दुसरा समज. कंपनीचा हूक मुख्यतः बंद पडलेली गाडी रस्त्यावरून ओढत नेण्यासाठी असतो. युरोपीय संघाच्या २०१०च्या नियमात प्रत्येक मोटारगाडीला पुढे ओढायची सोय असणे बंधनकारक केले होते आणि त्या जागेने गाडीच्या कमाल भारित वजनाच्या निदान निम्मी ओढ सोसावी एवढी अट घातली होती. म्हणजे माल भरून तीन टन होणाऱ्या पिकअपला दीड टन. डांबरी रस्त्यावर फिरत्या चाकांची गाडी ओढायला ही ताकद भरपूर झाली. आता रुतलेल्या गाडीचा हिशेब पाहा. अमेरिकी लष्कराच्या गाड्या सोडवण्याच्या पुस्तिकेत एक ठोकताळा दिलेला आहे : चाके रुतली असतील तर चिखलाचा विरोध साधारण गाडीच्या वजनाएवढा धरावा, चिखल मडगार्डपर्यंत आला तर दुप्पट, आणि त्याहून वर गेला तर तिप्पट. त्याच पिकअपसाठी हे आकडे तीन, सहा आणि नऊ टन होतात. जुन्नर-नारायणगावच्या पट्ट्यात ऐन पावसाळ्यात टोमॅटो निघतो, त्या दिवसांत बांधावरून आत शिरलेली भरलेली गाडी चाकांपर्यंत बसणे काही नवलाचे नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते, चिकटते आणि चाक धरून ठेवते. दीड टनाच्या अटीवर बनवलेल्या हुकाकडून तिथे तीन ते सहा टनांची अपेक्षा केली जाते. कंपन्या अटीपेक्षा पक्का हूक देतात हे मान्य केले तरी तो किती पक्का, हे गाडीसोबतच्या पुस्तिकेवरूनच ठरवायला हवे, अंदाजावरून नव्हे.

मग जास्तीचा, पक्का हूक लावायचा म्हटले की खरी परीक्षा बोल्टांची. बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९ असे आकडे कोरलेले असतात. पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की पोलादाची तुटण्याची ताकद मेगापास्कलमध्ये मिळते, आणि बिंदूनंतरचा आकडा सांगतो की त्याच्या किती टक्क्यांवर ते कायमचे ताणले जाईल. ८.८ म्हणजे ८०० आणि त्याच्या ८० टक्के. बारा मिलिमीटरच्या बोल्टचा आट्यांतला प्रभावी छेद ८४ चौरस मिलिमीटरच्या आसपास असतो. कापणारी ओढ आली तर तुटण्याच्या ताकदीच्या साधारण साठ टक्के धरायचे. या हिशेबाने ८.८चा एक बोल्ट चार टनांच्या आसपास कापला जाईल, १०.९चा पाचच्या थोडा पुढे, आणि डोक्यावर काहीच न कोरलेला हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट, जो बहुधा ४.६ दर्जाचा निघतो, दोनच टनांच्या आसपास. आठ टनी हूक अशा दोन साध्या बोल्टांवर बसवला की आठ टन हा आकडा फक्त हुकापुरता उरतो; चार टनांना बोल्ट जातात आणि त्याच्या बऱ्याच आधी ते वाकायला लागतात. सगळ्यात कडक १२.९चा बोल्ट घालावा तर तो ठिसूळपणाकडे झुकतो आणि इलेक्ट्रोप्लेटिंगमध्ये त्यात हायड्रोजन शिरला तर अचानक तुटू शकतो. म्हणून कंपनीने सांगितलेला दर्जा हेच चांगले उत्तर. आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. नीट आवळलेला बोल्ट दोन पट्ट्या एकमेकींवर इतक्या दाबून धरतो की ओढीचा मोठा वाटा त्यांच्यातले घर्षणच पेलते. ढिला बोल्ट मात्र प्रत्येक हिसक्याला भोकाच्या कडेवर आपटतो आणि भोक लांबट होत जाते. पान्याला जोर लावून ‘झाला घट्ट’ म्हणण्यापेक्षा टॉर्क रेंचने कंपनीचा आकडा गाठणे कधीही बरे.

वेल्डिंग मारले की बोल्टांची कटकटच नाही, असे कोणी म्हणेल. चांगल्या हाताचे वेल्डिंग दणकट असते यात शंका नाही. अडचण जोडाच्या शेजारची आहे. चासीच्या पोलादाला कारखान्यात जी ताकद दिलेली असते, ती तापलेल्या पट्ट्यात बदलते, आणि पुढे वर्षानुवर्षे थरथरत राहिल्यावर भेग बहुधा त्याच कडेपासून सुरू होते. म्हणूनच मालवाहू गाड्यांचे उत्पादक चासीच्या सी-आकाराच्या वरच्या आणि खालच्या कडांना वेल्डिंग करू देत नाहीत, भोकेही पाडू देत नाहीत. उभ्या भागात आधीपासून असलेल्या भोकांत बोल्टने जोड द्यावा, असा त्यांचा आग्रह असतो. पुढचे बंपर पत्र्याचे असो वा पाइपचे, ते चासीला छोट्या पट्ट्यांनी टांगलेले असते. त्याला बांधून ओढले तर गाडी जागेवर राहून बंपर निघून येऊ शकते. चासीच्या पुढच्या टोकाखाली दिसणाऱ्या काही कड्या जहाजावर किंवा ट्रेलरवर गाडी खाली आवळून धरण्यासाठी असतात. त्यांना सोसायचा असतो तो खालच्या दिशेचा ताण. समोरून आलेला हिसका त्या झेलतीलच असे नाही. मागच्या बाजूला टोइंग बॉल असेल तर त्याला दोर कधीच अडकवू नये. त्याची मान मोडून लोखंडी गोळा सुटल्याने परदेशात माणसे दगावली आहेत.

आता हिसका. दोन टनांचा ट्रॅक्टर ढिल्या साखळीने ताशी दहा किलोमीटर वेगाने सुटला आणि साखळी ताणल्यावर दहा सेंटिमीटरमध्ये थांबला, तर सरासरी ओढ पावणेआठ टनांच्या घरात जाते, आणि क्षणभराची कमाल तिच्याही वर. वेग निम्मा केला की ओढ चौथ्या हिश्श्यावर, दोन टनांवर येते. लवचीक नायलॉनचा दोर दीड मीटर ताणला जात असेल तर तीच गतिज ऊर्जा अर्ध्या टनाच्या सरासरी ओढीत विरते. ट्रॅक्टरची स्वतःची ओढ त्यात मिळवावी लागते एवढेच. म्हणजे हुकावर येणारा भार ठरवण्यात पिकअपच्या वजनाइतकाच वाटा ट्रॅक्टरवाल्याच्या पायाचा आहे. पण लवचीक दोर सुरक्षित, असे म्हणून थांबता येत नाही. ताणलेल्या दोरात साठलेली ऊर्जा एखादा बोल्ट तुटताच त्या टोकाला लोंबणाऱ्या लोखंडाला मिळते. म्हणून अशा दोराच्या टोकांना शक्य तितके कमी लोखंड ठेवावे, मध्यावर ओले पोते टाकावे आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या पलीकडे हाकलावे. हे शेवटचे काम गावात सगळ्यात अवघड!

‘आमच्याकडे वर्षानुवर्षे बंपरला साखळी बांधून गाड्या काढतात, काही झाले नाही’ हा आक्षेप नेहमी येतो आणि तो खोटाही नसतो. बहुतेक गाड्या थोड्याच रुतलेल्या असतात, चाकांनाही थोडी पकड मिळते आणि ओढ टनभराच्या आतच राहते. एवढ्याने बंपर टिकते. पण पोलाद मोडण्याआधी दरवेळी बोंब मारत नाही. भोक अर्ध्या मिलिमीटरने लांबते, रंगाला केसासारखी चीर पडते, बोल्ट किंचित वाकतो आणि पुढच्या वेळी त्याच जागी पुन्हा भार येतो. वीस वेळा निघालेली गाडी एकविसाव्या वेळच्या सहा टनांबद्दल काहीच सांगत नाही. दुसरा आक्षेप कायद्याचा : जादा हूक लावला तर दंड होईल का? डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा आधार देत कारवाई करायला सांगितले ते गाड्यांच्या पुढे लावल्या जाणाऱ्या बुलबार आणि क्रॅशगार्डांवर. कंपनीचाच हूक मूळ जागी बदलणे हा त्या अर्थाने फेरफार नव्हे. हुकाच्या निमित्ताने पुढे जाड पाइपांचा सांगाडा ठोकणे मात्र त्याच कक्षेत येते, आणि एअरबॅग असलेल्या पिकअपमध्ये त्याने धडकेचा हिशेबच बिघडतो.

एकाऐवजी दोन हूक हवेत ते यासाठी की ओढ चासीच्या दोन्ही बाजूंवर वाटली जावी. दोन्हींना मिळून एक पट्टा घालून मध्यातून ओढतात, तेव्हा पट्ट्याच्या दोन बाजूंमधला कोन साठ अंशांचा असेल तर प्रत्येकीवर एकूण ओढीच्या ५८ टक्के येते, नव्वद अंशांना ७१ टक्के, आणि एकशेवीस अंशांना प्रत्येकीवर पूर्ण शंभर. आखूड पट्ट्याने हूक जोडणाऱ्याला दोन हुकांचा काहीच फायदा मिळत नाही, उलट दोन्ही हूक आतल्या बाजूला ओढले जातात. पुढचे हूक कितीही चांगले असले तरी पुष्कळदा गाडी आली त्याच चाकोरीतून मागे काढणे सोपे जाते, म्हणून मागची जागाही तितकीच पक्की हवी. चाकांपुढचा चिखल फावड्याने उपसला तर विरोध कमी होतो आणि तेवढ्या टनांचा हूक विकत घ्यावा लागत नाही. हूक बदलायचाच असेल तर तो काढल्यावर आधी चासीचे भोक तपासावे. ते लांबट झाले असेल किंवा भोवती चीर दिसत असेल, तर नवा हूक त्याच जागी बसवू नये. आणि वाकलेला जुना हूक भट्टीत तापवून सरळ करून पुन्हा लावू नये. घडीव पोलादाला दिलेले उष्णतेचे संस्कार त्या भट्टीत निघून जातात आणि बाहेरून तो पूर्वीसारखाच दिसतो.