उपग्रह प्रतिमा व आंतरजालीय नकाशे : जुन्नर–आंबेगाव परिसर

भूपृष्ठापासून परावर्तित किंवा उत्सर्जित होणारे प्रारण कृत्रिम उपग्रहावरील संवेदकाने नोंदवून तयार होणाऱ्या चित्रास उपग्रह प्रतिमा म्हणतात. अशा प्रतिमा पूर्वी शासकीय खाती व मोठ्या संशोधनसंस्था यांनाच परवडत असत. अमेरिकेच्या लँडसॅट–७ या उपग्रहाच्या एका प्रतिमेस सु. ६०० डॉलर पडत. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २००८ साली लँडसॅट मालिकेचा संग्रह विनामूल्य खुला केला, तेव्हापासून ही स्थिती पालटली. भारतीय अवकाश संशोधन संघटनेचे ‘भुवन’ हे संकेतस्थळ ऑगस्ट २००९ मध्ये सुरू झाले. यूरोपीय संघाच्या सेंटिनेल उपग्रहांच्या प्रतिमा आरंभापासूनच विनामूल्य आहेत. आज सामान्य नागरिकास घरातील संगणकावर आपल्या गावाची प्रतिमा मिळविता येते. मात्र तिच्यात काय दिसू शकते व काय दिसू शकत नाही, हे कळल्याखेरीज तिचा उपयोग होत नाही. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव हे तालुके या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहेत.

या दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्यावर असून तेथे पाऊस अतिशय पडतो व उतारांवर भातखाचरे आहेत. पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होतो व ऊस, द्राक्षे, भाजीपाला यांची बागायत लागते. या बागायतीस पाणी पुरविणाऱ्या कुकडी प्रकल्पाचे माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे व डिंभे हे पाच जलाशय याच परिसरात आहेत. ऑक्टोबरमधील व मे महिन्यातील प्रतिमा शेजारी ठेवल्या, तर त्यांचे भरणे व आटणे सहज मोजता येते, कारण पाणी अवरक्त प्रारण शोषून घेते व त्या पट्ट्यात काळे दिसते. उलट हिरवे पीक तेच प्रारण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. पहिल्या लँडसॅटचे उड्डाण २३ जुलै १९७२ रोजी झाले. त्यामुळे सत्तरीच्या दशकातील प्रतिमांत घोड नदीचे खोरे डिंभे धरणापूर्वीच्या रूपात आढळते. ज्या आंबेगाव गावावरून तालुक्यास नाव मिळाले, ते गाव या धरणाच्या जलाशयात गेले असून तालुक्याचे ठाणे घोडेगाव येथे आहे.

प्रतिमेतील सर्वांत लहान घटकास चित्रबिंदू म्हणतात. लँडसॅट–८ (२०१३) व लँडसॅट–९ (२०२१) यांच्या बहुतेक पट्ट्यांतील चित्रबिंदू जमिनीवरील ३० मी. बाजूच्या चौरसाएवढा असतो, सेंटिनेल–२ च्या प्रमुख पट्ट्यांत तो १० मी., तर भारताच्या रिसोर्ससॅट–२ वरील लिस–३ व लिस–४ या संवेदकांचा अनुक्रमे सु. २३·५ व ५·८ मी. असतो. हे आकडे किती महत्त्वाचे आहेत, ते माळीणच्या उदाहरणाने स्पष्ट होते.

आंबेगाव तालुक्यातील माळीण (सु. १९° ९′ उ., ७३° ४१′ पू.) या गावावर ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगराचा कडा कोसळला. शासकीय आकड्यांनुसार त्यात १५१ माणसे मृत्युमुखी पडली. नेहमीच्या फेरीस गेलेल्या एसटी बसच्या चालकास गाव जागेवर दिसले नाही व त्याच्याकडूनच पहिली वार्ता बाहेर आली. दरडीचा पट्टा सु. अर्धा किमी. लांब असून त्याचे क्षेत्र सु. चार हेक्टर भरते. लँडसॅटच्या प्रतिमेत हा पट्टा ४०–५० चित्रबिंदूंचा, म्हणजे नखाएवढा ओरखडा. सेंटिनेल–२ च्या प्रतिमेत तोच ४०० चित्रबिंदूंचा. घर मात्र लँडसॅटच्या एका चित्रबिंदूहूनही लहान. दरडीची खूण या प्रतिमांत दिसते, तिच्याखाली गेलेले गाव दिसत नाही. घरे ओळखण्यासाठी एक मीटर किंवा त्याहून सूक्ष्म प्रतिमा लागते. अशा प्रतिमा गूगल अर्थ या प्रणालीवर पाहता येतात, परंतु त्यांतील मूळ आधारसामग्री गणितासाठी उतरवून घेता येत नाही. जुन्या तारखांच्या प्रतिमा क्रमाने पाहण्याची सोय या प्रणालीत २००९ पासून आहे व एखाद्या उताराचा इतिहास तपासण्यास तीच सर्वांत सुलभ होय.

दुसरी अडचण पावसाळ्याची. दरडी कोसळतात त्याच महिन्यांत सह्याद्रीवर ढगांचे आच्छादन असते व दृश्य प्रकाशावर चालणारे संवेदक निरुपयोगी ठरतात. रडारचे सूक्ष्मतरंग ढगांतून आरपार जातात. सेंटिनेल–१ या रडार उपग्रहाचे उड्डाण एप्रिल २०१४ मध्ये झाले होते, परंतु त्याच्या प्रतिमांचे नियमित वितरण त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सुरू झाले. माळीणच्या वेळी सामान्य अभ्यासकाच्या हाती विनामूल्य रडार प्रतिमा नव्हती. आज ती मिळते. तथापि उपग्रह ठरावीक दिवसांनीच त्याच जागेवरून जात असल्याने कोणतीही विनामूल्य प्रतिमा ऐनवेळची सूचना देऊ शकत नाही.

प्रतिमा शोधण्याची रीत सर्वत्र सारखीच आहे. लँडसॅटसाठी ‘अर्थएक्स्प्लोरर’, सेंटिनेलसाठी ‘कोपर्निकस’ व भारतीय उपग्रहांसाठी राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे ‘भूनिधी’ या संकेतस्थळावर नावनोंदणी करून स्थळाचे नाव किंवा अक्षांश-रेखांश, तारखांची मर्यादा व ढगांचे कमाल प्रमाण द्यावे लागते. लँडसॅटच्या जागतिक विभागणीत हा परिसर मार्ग १४७, ओळ ४७ या चौकटीत येतो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे : ढगांची टक्केवारी सु. १८५ किमी. रुंदीच्या संपूर्ण चौकटीची असते. ती अल्प असूनही नेमका घाटमाथ्याचा कोपरा झाकलेला असू शकतो. म्हणून उतरवून घेण्यापूर्वी लघुचित्र पाहिलेच पाहिजे. प्रतिमांचे पृथक्करण क्यूजीआयएस या विनामूल्य प्रणालीने करता येते. भारतीय सर्वेक्षण खात्याचे १ : ५०,००० प्रमाणाचे नकाशेही २०१७ पासून आंतरजालावर विनामूल्य मिळू लागले. जुन्या क्रमांकनानुसार जुन्नर शहर ४७ ई/१६ या व माळीण ४७ ई/१२ या पत्रकात येते. ओपनस्ट्रीटमॅप या २००४ मध्ये सुरू झालेल्या सार्वजनिक नकाशात स्थानिक रहिवाशांना वाड्या, पायवाटा, पाणवठे यांची भर स्वतः घालता येते. डोंगरी वाड्यांची नावे इतर नकाशांत पुष्कळदा गाळलेली किंवा चुकीच्या जागी टाकलेली असल्याने ही सोय क्षुल्लक मानू नये.

उताराचा अभ्यास उंचीच्या आधारसामग्रीवरून करतात. अमेरिकेच्या अवकाशयानाने फेब्रुवारी २००० मध्ये रडारने घेतलेली उंचीची मापे ३० मी. अंतराच्या जाळीत विनामूल्य मिळतात. त्यांवरून तीव्र उतारांचा पट्टा रंगवून त्यावर वस्त्यांची स्थाने ठेवली, म्हणजे कोणत्या वाड्या उताराच्या पायथ्याशी आहेत ते लगेच कळते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर दरडप्रवणतेचे नकाशेही पाहता येतात. माळीणच्या दुर्घटनेनंतर अतिवृष्टी, तीव्र उतार व अपक्षीण खडकावरील सैल मातीचा थर यांबरोबरच उतारावरील जमिनीचे सपाटीकरण हेही कारण म्हणून पुढे करण्यात आले. या भागातील आदिवासी शेतकरी परस्परांच्या श्रमांतून डोंगरउतारावर भातखाचरे तयार करतात, त्यास पडकई म्हणतात. हाताने घातलेली पडकई आणि यंत्राने केलेले सपाटीकरण यांत भेद करावा की नाही, हा वादाचा विषय होता. ३० मी. जाळीत काही मीटर उंचीचा बांध सरासरीत विरून जातो, त्यामुळे अशा वादाचा निकाल या सामग्रीवरून लागत नाही. सूक्ष्म प्रतिमांच्या मालिकेत कोणत्या हंगामात कोठे नवी खाचरे पडली, एवढे मात्र दिसते. पाण्याचा निचरा कोठे अडला, भेगा कोठे पडल्या, झरा कोठे नव्याने फुटला, हे प्रत्यक्ष उतारावर जाऊनच पाहावे लागते. माळीणच्या वाचलेल्या कुटुंबांचे पुनर्वसन जवळच्या आमडे येथे करण्यात आले व नवे गाव एप्रिल २०१७ मध्ये त्यांच्या स्वाधीन झाले. त्यानंतरच्या प्रतिमांत नव्या गावठाणाचा आखीव चौकोन आणि जुन्या जागेवरील दरडीचा पट्टा ही दोन्ही ओळखू येतात.