कंपनीच्या वकिलाची कसोटी सहीपूर्वी

वसईची खाडी, अरबी समुद्र आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान यांच्या बेचक्यात वसलेल्या मिरा-भाईंदरमध्ये इमारती मिठागरे आणि कांदळवनांच्या उंबरठ्यापर्यंत येऊन ठेपल्या आहेत. अशा शहरात एखादी बांधकाम कंपनी शाश्वत विकासाची ग्वाही देते, तेव्हा ती खरी ठरविण्याचे काम बहुधा एका अप्रसिद्ध व्यक्तीकडे येते. ती व्यक्ती म्हणजे कंपनीच्या नोकरीतील विधी अधिकारी.

न्यायालयात उभा राहणारा वकील सहसा नोटीस आल्यावर बोलावला जातो. विधी अधिकारी मात्र खरेदीखतावर सही होण्यापूर्वीच कागद पाहतो. सातबारा निर्वेध आहे, एवढे सांगून त्याचे काम संपत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशाने राज्यभर कांदळवनांच्या तोडीस आणि त्यांच्या सर्व बाजूंनी ५० मीटरपर्यंतच्या बांधकामास मनाई केली. जमीन खासगी असो वा सरकारी, मनाई तीच. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात, सार्वजनिक हितासाठी अपरिहार्य नसेल तर कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग ठरतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणजेच मालकी निर्विवाद असूनही जमीन बांधकामास निरुपयोगी असू शकते. हे व्यवहारापूर्वी सांगितले, तर कंपनीचा पैसा आणि खाडीकाठ दोन्ही वाचतात.

दुसरी कसोटी कंत्राटाची. पायाच्या खोदकामातून निघालेली माती आणि डेब्रिज वाहून नेण्याचे काम उपकंत्राटदाराकडे जाते. रात्रीच्या अंधारात एखादा डंपर खाडीकाठी रिकामा झाला, तर ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ हा बचाव लंगडा पडतो. भराव कोठे टाकायचा, प्रत्येक खेपेची पावती कोण ठेवणार आणि नियम मोडल्यास बिल रोखले जाईल का, ही कलमे आधीच लिहून घेणे हे विधी अधिकाऱ्याचेच काम.

तिसरी कसोटी शब्दांची. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून ‘सेबी’च्या नियमांनुसार पर्यावरणीय व सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. स्थानिक विकासक सहसा या यादीत नसतात. पण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ऑक्टोबर २०२४ मधील मार्गदर्शक तत्त्वे त्यांच्या जाहिरातींनाही लागू आहेत. ‘हरित’ म्हणवणाऱ्या संकुलापाशी त्याचा पुरावा हवा. तो नसेल, तर तो शब्द खोडणे हेच विधी अधिकाऱ्याचे कर्तव्य.

अडचण अशी, की ‘नाही’ म्हणायचे ते पगार देणाऱ्यालाच. बार कौन्सिलच्या नियमांनुसार पूर्णवेळ पगारी नोकर वकिली करू शकत नाही. याच कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मधील वकिलांचे गोपनीयतेचे संरक्षण अशा अधिकाऱ्यांना मिळणार नाही, असा निर्णय दिला. कलम १३४ चे मर्यादित संरक्षण तेवढे राहिले. त्यामुळे त्याने कंपनीला दिलेला लेखी इशारा उद्या चौकशीत उघड होऊ शकतो. काही कंपन्या यावर ‘तोंडी सांगा, लिहू नका’ असा मार्ग शोधतील. तो आत्मघातकी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १६६ नुसार पर्यावरणाचे रक्षण हे संचालकांचेही कर्तव्य आहे. वेळीच लिहिलेला आणि पाळलेला इशारा हाच त्यांचा बचाव; लिहूनही डावललेला इशारा मात्र त्यांच्याविरुद्धचा पुरावा.

म्हणूनच विधी अधिकाऱ्याला थेट संचालक मंडळापुढे मत मांडण्याची मुभा हवी. भरतीचे पाणी कांदळवनात मुरणार की तळमजल्यात शिरणार, हे अनेकदा त्या एका टिपणीवर अवलंबून असते.