किल्ली रुसली तर...

नाशिकजवळच्या ओझरला १९६४ साली विमानांचा कारखाना उभा राहिला. अशा विमानांच्या गावात आपण मोटारीची किल्ली रुसली म्हणून भाजीच्या पिशव्या घेऊन उन्हात ताटकळावं, हे काही बरं नाही!

मैत्रिणींनो, बटण दाबूनही दार उघडेना, तर बहुतेक वेळा किल्लीतला सेल संपलेला असतो. अगदी जवळ गेल्यावरच दार उघडू लागलं, की ती आधीची सूचना समजावी.

रिमोटच्या पोटात बहुधा एक छोटी धातूची किल्ली दडलेली असते. ती काढून दार उघडा. बटणाने सुरू होणारी गाडी असेल, तर क्लच किंवा ब्रेक दाबून रिमोटच त्या बटणाला टेकवा. पुष्कळ गाड्या अशा सुरू होतात. मग जुन्या सेलवरचा आकडा पाहून तसाच नवा आणा. बऱ्याच रिमोटना ३ व्होल्टचा, २०३२ क्रमांकाचा लागतो.

आणि जुना सेल? तो खिडकीत ठेवू नका हं! मुलाने गिळला आणि घशाखाली अडकला, तर २ तासांतही अन्ननलिका आतून भाजू शकते. नुसता संशय आला तरी उलटी काढायला लावू नका. तडक मोठ्या रुग्णालयात न्या.