जळगाव ते मुंबई : हवेतून किती दूर?

जळगावहून मुंबईला जाणारा लोहमार्ग ४२० किलोमीटरांचा आहे. विमानाला मनमाडवरून जायचे नसते की कसाऱ्याचा घाट उतरायचा नसतो. मग त्याला किती अंतर कापावे लागते? नकाशा आणि पायथागोरसचा सिद्धांत एवढ्या सामग्रीवर आपण ते काढू शकतो.

जळगावचा विमानतळ २०.९६ अंश उत्तर अक्षांश व ७५.६३ अंश पूर्व रेखांशावर आहे, मुंबईचा १९.०९ व ७२.८७ अंशांवर. अक्षांशांतील फरक १.८७ अंश. एका अंशाचे १११ किलोमीटर, म्हणून दक्षिणोत्तर अंतर २०८ किलोमीटर झाले. रेखांशांतील फरक २.७६ अंश, पण येथे १११ ने गुणू नका! रेखावृत्ते ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत जातात. विसाव्या अक्षांशावर त्यांच्यातील एक अंश १०४ किलोमीटरच भरतो. म्हणजे पूर्वपश्चिम अंतर २८७ किलोमीटर. या दोन बाजूंचा कर्ण सुमारे ३५५ किलोमीटर येतो. (मुंबई-न्यूयॉर्कसारख्या पल्ल्याला हा सपाट त्रिकोण चालणार नाही; तेथे पृथ्वीगोलावर दोराच ताणायला हवा.)

२०२४ मध्ये जळगावला सत्तरेक आसनांची एटीआर जातीची पंख्याची विमाने पुन्हा येऊ लागली. त्यांचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर. भागाकार करा : ४३ मिनिटे! मात्र वेळापत्रकात तासाहून अधिक वेळ धरलेला असतो. कारण तेथे विमान जागचे हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंतचा सगळा काळ मोजतात. धावपट्टीपर्यंत ते रांगतच जाते. वर चढताना वेग कमी, उतरतानाही कमी. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि रांग लागते. शिवाय विमान वाऱ्याला सामोरे जाऊन उतरते. वारा पूर्वेचा असला, तर आधी समुद्रावर जाऊन मागे वळावे लागते.

आता धुळेकरांचे काय? धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे, पण तेथून नियमित प्रवासी विमान नाही. म्हणजे नैर्ऋत्येच्या मुंबईला जाण्यासाठी आधी पूर्वेला शंभरेक किलोमीटर जायचे! हा उलटा घास परवडतो का? मोटारीचा वेग ताशी ५० किलोमीटर धरू. जळगाव विमानतळापर्यंत २ तास, तेथे आधी पोचण्याचा १ तास, विमानाचे ७० मिनिटे, उतरून शहरात शिरण्याचा अर्धा तास. एकूण ४ तास ४० मिनिटे. सरळ रस्त्याने मुंबई सुमारे ३२० किलोमीटर, म्हणजे ६ तास २४ मिनिटे. उलटे जाऊनही पावणेदोन तास वाचतात!

धुळ्याहून मुंबईकडे सरकत गेलो, तर ही बचत घटत जाते आणि सुमारे ४३ किलोमीटरांवर, मालेगावच्या थोडे अलीकडे, शून्य होते. मोटारीचा वेग ताशी ६० धरला, तर हे ठिकाण कोणत्या बाजूला आणि किती सरकेल? वहीत समीकरण मांडून पाहा.