बाइटांतून संख्या कशी निघते?

परीक्षेंत एखाद्यास १२ गुण मिळाले आणि संगणकानें ते १२,८४९ असे वाचून दाखविले, तर दोष कोणाचा म्हणावा? यंत्राचा खचित नव्हे. हा घोटाळा कसा होतो, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

'बेसिक' ही संगणकास आज्ञा देण्याची भाषा जॉन केमेनी व टॉमस कर्ट्झ या अध्यापकांनीं अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजांत १९६४ सालीं विद्यार्थ्यांकरितां सिद्ध केली. मायक्रोसॉफ्टच्या जीडब्ल्यू-बेसिकमध्यें फाइलींतील वाटेल ती नोंद एकदम वाचण्याची सोय आहे. मात्र अशा फाइलींत सर्व मजकूर अक्षरमालिका म्हणूनच राहतो. सबब संख्येसही तोच वेष घ्यावा लागतो. 'एमकेआय डॉलर' हें साधन पूर्णांकाचे दोन बाइट करून ठेवितें, आणि 'सीव्हीआय' त्यांची पुन्हां संख्या करितें. दशांशयुक्त संख्यांकरितां 'सीव्हीएस' चार व 'सीव्हीडी' आठ बाइट वाचतें.

बाइट म्हणजे ० ते २५५ यांपैकीं एक संख्या मावेल एवढें घर. समजा, १९४७ ही संख्या ठेवावयाची आहे. तीस २५६ नें भागिलें असतां भागाकार ७ व बाकी १५५ येते. बाकी पहिल्या घरांत व भागाकार दुसऱ्या घरांत जातो. वाचतांना १५५ + ७ × २५६ = १९४७. घरांची अदलाबदल झाल्यास ३९,६८७ होतील. परंतु या पूर्णांकाची मर्यादा −३२,७६८ ते ३२,७६७ असल्यामुळें त्यांतून ६५,५३६ वजा होऊन उत्तर −२५,८४९ येईल!

आतां त्या १२ गुणांकडे वळूं. कोणीं ते 'एक' व 'दोन' या अंकचिन्हांनींच लिहून ठेविले, तर त्या चिन्हांचे संकेतांक ४९ व ५० असतात. 'सीव्हीआय' त्यांचे ४९ + ५० × २५६, म्हणजे १२,८४९ करितें. येथें वस्तुतः 'व्हॅल' हें साधन योजावयास हवें होतें. तें चिन्हें वाचून १२ हेंच उत्तर देतें.

विशेष हें कीं, अशा वेळीं यंत्र चूक झाल्याची सूचना देत नाहीं. बाइटांस स्वतःचा अर्थ नसतो. लिहिणारानें ज्या रीतीनें ठेविलें, त्याच रीतीनें वाचणारानें घेतलें पाहिजे. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, जुनी फाइल उघडतांना ती कोणत्या साधनानें लिहिली तें आधीं पाहा, आणि आपणांस ठाऊक असलेली एक संख्या वाचून ताळा घ्या. घरचा जमाखर्च लिहिणाऱ्या पालकांस ताळ्याचें महत्त्व आम्हीं सांगावयास नकोच.