नाताळची नवी गाणी ऐकलीत का?

जिंगल बेल्स आणि जिम रीव्ह्ज यांच्यापलीकडेही नाताळ आहे. मोठ्या कंपन्यांच्या मदतीशिवाय, घरच्या घरी ध्वनिमुद्रित झालेली किती तरी सुरेख गाणी श्रोत्यांची वाट पाहत आहेत. ती शोधायची कशी आणि पारखायची कशी?

डिसेंबरचा पंधरवडा उलटला की जबलपूरची थंडी अंगात शिरते. सदर बाजारातल्या दुकानांवर कागदी चांदण्या लटकू लागतात, केकच्या ऑर्डरी नोंदवल्या जातात आणि कुठून तरी ओळखीचे सूर कानावर येतात. सूर ओळखीचे, कारण गाणी तीच असतात. जिम रीव्ह्जचा १९६३ सालचा नाताळ-संग्रह, बोनी एमचे १९७८ चे ‘मेरीज बॉय चाइल्ड’, १९८४ पासून दर वर्षी हजेरी लावणारे ‘लास्ट ख्रिसमस’ आणि अर्थातच ‘जिंगल बेल्स’. या शेवटच्या गाण्याची गंमत अशी, की १८५७ साली जेम्स पिअरपाँटने ते प्रसिद्ध केले तेव्हा त्यात नाताळचा उल्लेखच नव्हता. आजही नाही. बर्फावरून घोडागाडी पळवण्याचे ते गाणे आहे. बर्फ कधी न पाहिलेल्या नर्मदाकाठच्या गावाने ते आपले मानले!

जुनी गाणी वाईट आहेत, असे कुणीच म्हणणार नाही. जबलपूरचे तर त्यांच्याशी जुने नाते आहे. १८७० साली मुंबईकडून आलेली आणि अलाहाबादकडून आलेली रेल्वे इथे जोडली गेली. मग रेल्वेच्या वसाहती वसल्या, १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला, छावणी वाढली. अँग्लो-इंडियन कुटुंबे आली आणि त्यांच्याबरोबर पियानो, गिटार आणि इंग्रजी कॅरल्सही आली. सेंट अलॉयशियससारख्या १८६८ पासून चालत आलेल्या शाळांमधून ही गाणी कितीतरी पिढ्यांच्या तोंडी बसली. हिंदू, मुसलमान, जैन घरांतली मुलेही ती तितक्याच हौसेने गातात.

पण दर वर्षी तीच दहा-बारा गाणी ऐकताना एक प्रश्न पडतो. नाताळचे नवे गाणे कुणी करतच नाही का?

करतात, वाचकहो! भरपूर करतात. आपण ते ऐकायला जात नाही, एवढेच.

खेड्यातल्या गिटारीची गोष्ट

आज जगभर गायले जाणारे ‘सायलेंट नाइट’ हे एकेकाळी असेच कुणाला ठाऊक नसलेले, नवेकोरे गाणे होते. ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळ ओबर्नडॉर्फ नावाचे नदीकाठचे छोटे गाव आहे. तिथले तरुण धर्मगुरू योझेफ मोर यांनी १८१६ मध्ये एक कविता लिहून ठेवली होती. १८१८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्यांनी ती शेजारच्या गावातले शाळामास्तर फ्रांझ ग्रुबर यांच्याकडे नेली आणि चाल लावून मागितली. त्याच रात्री दोघांनी मिळून ते गाणे गायले, साथीला फक्त गिटार. चर्चचा ऑर्गन बिघडला होता म्हणून गिटार घ्यावी लागली, अशी आख्यायिका पुढे जोडली गेली.

मग ते जगभर पोचले कसे? कुठल्या कंपनीने जाहिरात केली नाही. एका ऑर्गन दुरुस्त करणाऱ्या कारागिराने गाण्याची प्रत आपल्या गावी नेली. तिथून गावोगाव फिरून गाणाऱ्या कुटुंबांनी ते उचलले. १८३९ मध्ये अशाच एका कुटुंबाने ते न्यूयॉर्कमध्ये ऐकवले. म्हणजे एकाने ऐकले, आवडले आणि दुसऱ्याला सांगितले. चांगल्या गाण्याचा प्रवास असा होतो. तो आजही बदललेला नाही.

परंपरेचा सर्वांत कडक पहारा जिथे असायचा, त्या केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचेच पाहा. तिथला नऊ पाठांचा आणि कॅरल्सचा सोहळा १९१८ पासून चालू आहे आणि बीबीसीने १९२८ मध्ये तो पहिल्यांदा प्रसारित केला. त्याच सोहळ्यासाठी १९८३ पासून दर वर्षी एका संगीतकाराकडून एक नवे कॅरल मुद्दाम लिहवून घेतले जाते. जुने टिकवायचे तर त्यात दर वर्षी थोडे नवे मिसळावे लागते, हे त्यांनी ओळखले. लोणच्याच्या बरणीत नवा खार घालतात, तसेच हे.

भेट म्हणून केलेली गाणी

‘स्वतंत्र संगीत’ म्हणजे काय? ज्यामागे मोठी कंपनी नाही, चित्रपट नाही, गायक स्वतःच निर्माता आणि बहुतेक वेळा विक्रेताही आहे, ते. आपल्याकडे याचे झकास उदाहरण गोव्यात घडले. रेमो फर्नांडिस यांनी १९८० च्या दशकात शिवोलीच्या घरीच चार ट्रॅकच्या यंत्रावर, सगळी वाद्ये स्वतः वाजवून ‘गोवन क्रेझी’ ध्वनिमुद्रित केले आणि आपल्या पिवळ्या स्कूटरवरून फिरून त्याच्या कॅसेटी दुकानादुकानांत पोचवल्या. पुढे सगळ्या देशाने त्यांना ओळखले.

नाताळच्या बाबतीत अशा गाण्यांचा स्वभाव जास्तच आपुलकीचा असतो, कारण ती पुष्कळदा विक्रीसाठी नव्हे तर भेट म्हणून जन्माला येतात. अमेरिकेतला सुफियान स्टीव्हन्स हा गायक २००१ पासून नाताळात मित्रांना आणि नातलगांना देण्यासाठी थोडी थोडी गाणी घरी ध्वनिमुद्रित करत असे. बँजो, गिटार, पियानो, चार मित्रांचा कोरस, बस्स. २००६ मध्ये ती ‘साँग्ज फॉर ख्रिसमस’ या नावाने प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांची संख्या बेचाळीसवर गेली होती. डुलूथ या थंडगार गावातल्या ‘लो’ या गटाचा १९९९ चा ‘ख्रिसमस’ हा आठ गाण्यांचा संग्रहही असाच. ॲलन स्पारहॉक आणि मिमी पार्कर हे नवरा-बायको इतके संथ, इतके हळुवार गात की घरातला पंखासुद्धा बंद करून ऐकावे. मिमी २०२२ मध्ये गेल्या, पण त्यांचा आवाज दर डिसेंबरला पुन्हा ऐकला जातो.

सुफियानचीच आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००७ मध्ये त्याने एक स्पर्धा जाहीर केली. लोकांनी स्वतःचे नाताळगीत करून पाठवायचे आणि जिंकणाऱ्याला सुफियानच्या एका अप्रकाशित गाण्याचा संपूर्ण हक्क मिळणार. ॲलेक डफी नावाचा नाट्यदिग्दर्शक जिंकला. ते गाणे इंटरनेटवर टाकले असते तर क्षणात जगभर गेले असते. त्याने तसे केले नाही. ज्याला ऐकायचे असेल त्याने ब्रुकलिनच्या माझ्या घरी यावे, असे त्याने जाहीर केले. अनोळखी लोक येत, चहा-बिस्किटे होत आणि सगळे एकत्र बसून ते गाणे ऐकत. अखेर २०१८ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. पण तोवर काही जणांना कळून चुकले होते, की गाणे कानात घालून एकट्याने ऐकणे वेगळे आणि चारचौघांत बसून ऐकणे वेगळे.

मराठीतला ठेवा

आता कुणी म्हणेल, हे सगळे साहेबांचे झाले. आपल्या भाषेत काय आहे?

मराठीत तर चारशे वर्षांचा ठेवा आहे! मूळचे इंग्लंडचे आणि १५७९ मध्ये गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल इथे छापले गेले. येशूच्या जन्माची कथा त्यांनी ओवीत सांगितली, आपल्या संतांच्या ओवीत. ती वाचण्यापुरती नव्हती, तर गोव्यातल्या लोकांनी ती गायली.

त्यानंतरचे मोठे नाव म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला आणि त्यांच्या आयुष्याने वळण घेतले. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तोवर मराठी ख्रिस्ती माणूस बरीचशी भाषांतरित गाणी परक्या चालींवर गात असे. टिळकांनी त्याला अभंग दिले, भजने दिली, कीर्तन दिले. त्यांनी शंभराहून अधिक ख्रिस्ती पदे रचली आणि मराठी चर्चमध्ये ती आजही टाळ-मृदंगावर म्हटली जातात. तुकोबांचे ऋण ते मोकळेपणाने मानत. त्या काळी हे संगीत नवेच होते आणि स्वतंत्रही!

वसईत तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६०च्या दशकापासून, उपासनेची भाषा मराठी झाली आणि मराठी नाताळगीतांना बहर आला. तिथल्या सामवेदी बोलीतही गाणी होतात. केळीच्या बागा, विहिरीवरचे रहाट आणि गोठ्यातली गाय हे सगळे त्या बोलीत इतके सहज येते की बेथलेहेम वसईजवळच कुठे तरी असावे, असे वाटते.

आणि जबलपूर? इथला मराठी माणूस भोसल्यांच्या अमलापासूनचा. इथल्या ख्रिस्ती घरांत मात्र गाण्याच्या तीन भाषा नांदतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले, तेव्हा वेगवेगळ्या मिशनांची गाणीही एका छपराखाली आली. आजी मराठी अभंग म्हणते, आई-वडील हिंदी ‘मसीही गीत संग्रहा’तली भजने म्हणतात आणि नातवंडे मोबाइलवर इंग्रजी ऐकतात. आजीचे अभंग वहीत असतात किंवा नुसतेच तोंडपाठ. आजी गेली की ते गेले. नव्या गाण्यांचा विषय निघाला की खरी काळजी वाटते ती याची. कारण जुने गाणे जिवंत राहते ते कुणी तरी ते नव्याने गायल्यावरच.

सुदैवाने कायदाही आड येत नाही. भारतात कवीच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याची रचना सर्वांची होते. टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांच्या शब्दांना आज कुणीही नवी चाल लावू शकतो, त्यासाठी कुणाची परवानगी नको. एखाद्या जबलपूरच्या मुलीने गिटारवर टिळकांचा अभंग गायला, तर तेही ताजे नाताळगीतच ठरेल.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलांना माइक, यंत्र, वादकांचे मानधन हा खर्च पदरचा करावा लागतो. मोबाइलवर गाणे एकदा ऐकले गेले, तर त्यांच्या हातात पडतात ते पैशांतच मोजावे लागतात. म्हणून आवडले तर गाणे विकत घ्यावे. एका केकच्या किमतीत कुणाच्या तरी पुढच्या वर्षीच्या गाण्याची सोय होते.

चौकट
नवे नाताळगीत शोधाल कसे, निवडाल कसे?

• शोध नोव्हेंबरातच सुरू करा. नवी गाणी साधारण तेव्हाच प्रसिद्ध होतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जुन्यांचाच गलबला असतो.

• नुसते ‘ख्रिसमस साँग’ असे शोधलेत तर तीच दहा गाणी समोर येतील. भाषा, गाव, वाद्य यांची नावे जोडा : मराठी नाताळगीत, वसई, सामवेदी, कोंकणी, बासरी, कीर्तन.

• एक गायक आवडला की त्याने कुणाबरोबर गायले आहे ते पाहा. एका गाण्यातून दुसऱ्याचा पत्ता लागतो.

• २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘बँडकॅम्प’सारख्या ठिकाणी गाणे थेट गायकाकडून विकत घेता येते आणि किमतीचा मोठा वाटा त्यालाच मिळतो.

• पारख सोपी आहे. गाण्यातल्या घंटा आणि चकचकाट मनातल्या मनात काढून टाका. मागे चाल आणि शब्द उरतात का? दुसऱ्यांदा ऐकावेसे वाटते का? घरातल्या लहानग्याला दोन दिवसांत गुणगुणता येते का? तीनही उत्तरे ‘हो’ आली तर गाणे ठेवून घ्या.

• गावातल्या चर्चची कॅरल पार्टी दारात आली की एक नवे गाणे आग्रहाने म्हणायला लावा. फर्माइश झाली की मंडळी नवे बसवतात.

• घरात कुणा वडीलधाऱ्यांना जुनी पदे येत असतील तर ती आजच मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. सालाची, गावाची आणि चालीची नोंद करून ठेवा.

• डफीच्या घरासारखी एक संध्याकाळ तुमच्याकडेही होऊ द्या. शेजारपाजाऱ्यांना बोलवा, प्रत्येकाने न ऐकलेले एक गाणे आणायचे. धर्म कुठलाही असो. चहाबरोबर बिस्किटांऐवजी जबलपूरची खव्याची जिलबी चालेल!

नाताळ मुळात एका जन्माचा सण आहे. त्या दिवशी घरात एक तरी गाणे नवे असावे.